जुन्या टेम्पोचा ‘चेक इंजिन’ दिवा आणि थरथरणारे आयडलिंग: दोष शोधायचा कसा

सिग्नलला उभ्या असलेल्या टेम्पोची नंबरप्लेट थडथडत असते, बाजूच्या आरशात मागच्या गाडीच्या दोन-दोन प्रतिमा हलताना दिसतात आणि मीटरवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागलेला असतो. सेकंडहँड मालवाहू गाडी घेणाऱ्या अनेकांना हे दृश्य ओळखीचे असेल. गॅरेजमध्ये गेल्यावर “सेन्सर गेलाय, बदलून टाकू” असे सांगितले जाते, सेन्सर बदलला जातो, दिवा दोन दिवस विझतो आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा लागतो. माझ्या टेम्पोवर दोन सेन्सर आणि प्लगचा एक पूर्ण संच अशा रीतीने वाया गेल्यानंतर मी जी पद्धत पाळू लागलो, ती येथे मांडत आहे. तिचा नियम एवढाच आहे की, काही बदलण्यापूर्वी मोजायचे आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

मुंबईतील बरेचसे छोटे टेम्पो सीएनजीवर चालतात, म्हणून पुढचे बहुतेक विवेचन तीन-चार सिलिंडरच्या पेट्रोल-सीएनजी इंजिनाला धरून आहे. डिझेल पिकअप आणि ट्रक यांच्यासाठी शेवटी स्वतंत्र मजकूर दिला आहे.

दिव्याची परीक्षा

सर्वप्रथम चावी ऑन करून, पण इंजिन सुरू न करता मीटरकडे पाहावे. चेक इंजिनचा दिवा या स्थितीत लागलाच पाहिजे आणि इंजिन सुरू झाल्यावर काही क्षणांत विझला पाहिजे. चावी ऑन केल्यावरही तो लागत नसेल, तर गाडी निर्दोष आहे असे समजू नये; आधीच्या मालकाने तो दिवा काढून टाकला असण्याची किंवा त्याची वायर तोडली असण्याची शक्यता अधिक. जुनी गाडी विकत घेताना ही पाच सेकंदांची तपासणी कोणीही करू शकतो आणि ती क्वचितच कोणी करतो.

दिवा स्थिर लागलेला असेल, तर गाडी सावकाश चालवत घरी किंवा गॅरेजपर्यंत नेता येते. दिवा लुकलुकत असेल, तर मात्र गाडी बाजूला घेऊन बंद करावी. लुकलुकणाऱ्या दिव्याचा अर्थ असा की, एखाद्या सिलिंडरमधील इंधन न जळताच सायलेन्सरकडे जात आहे आणि ते कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (सायलेन्सरच्या मार्गातील धूर स्वच्छ करणाऱ्या डब्यात) जळून त्याला तापवत आहे. कन्व्हर्टर एकदा आतून वितळला की मूळ दुरुस्तीच्या कितीतरी पट खर्च येतो. ऑइलचा किंवा तापमानाचा लाल दिवा लागला असेल, तर हा लेख बाजूला ठेवून इंजिन ताबडतोब बंद करावे.

स्कॅनर लावणे

मुंबईत १ एप्रिल २०१० पासून बीएस-४ आणि देशभर १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ ही वाहनांच्या धुराबाबतची मानके लागू झाली. या मानकांच्या चारचाकी गाड्यांत सामान्यतः स्टिअरिंगच्या खालच्या भागात सोळा पिनांचे ओबीडी सॉकेट असते. त्यात बसणारे ब्लूटूथ उपकरण लॅमिंग्टन रोडवर किंवा ऑनलाइन काही शे रुपयांत मिळते आणि मोबाइलवरील अॅपच्या साहाय्याने ते ईसीयूने, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाने, नोंदवलेले दोषांचे कोड वाचून दाखवते. मोठ्या ट्रकची विद्युतव्यवस्था २४ व्होल्टची असते, त्यामुळे त्यांना १२ व्होल्टचे स्वस्त उपकरण लावू नये. शिवाय त्यांचे कोड बहुधा एसपीएन (कोणता भाग) आणि एफएमआय (कोणता दोष) अशा आकड्यांच्या जोडीने येतात.

कोड दिसल्याबरोबर ‘क्लिअर’ दाबण्याचा मोह टाळावा. कोडबरोबर ईसीयूने दोष नोंदवला त्या क्षणाची स्थितीही साठवलेली असते. तिला ‘फ्रीझ फ्रेम’ म्हणतात. त्या वेळी इंजिनाचे मिनिटाला फेरे किती होते, पाण्याचे तापमान किती होते, गाडी उभी होती की चालत होती, हे तिच्यात सापडते. कोड पुसला की ही नोंदही पुसली जाते. म्हणून स्क्रीनचे फोटो आधी काढून ठेवावेत. फ्रीझ फ्रेममध्ये तापमान ९० अंश आणि वेग शून्य दिसत असेल, तर दोष गरम इंजिनावर, उभ्या गाडीत येतो हे कळते आणि थंड इंजिनावर तपासणी करण्यात सकाळ वाया जात नाही.

सेकंडहँड गाडीच्या बाबतीत आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. एक म्हणजे ‘रेडिनेस मॉनिटर’. ईसीयू स्वतःच्या काही चाचण्या गाडी चालताना पूर्ण करते आणि कोड पुसले की त्या सर्व चाचण्या पुन्हा ‘अपूर्ण’ दिसू लागतात. दुसरी म्हणजे ‘कोड पुसल्यापासूनचे अंतर’, जे अनेक अॅप दाखवतात. मी माझा टेम्पो कळंबोलीहून घेतला, तेव्हा विकणाऱ्या गृहस्थांनी “या गाडीची लाइट कधी लागलीच नाही, साहेब” असे छातीठोक सांगितले होते. विक्रोळीला घरी आल्यावर स्कॅनर लावला, तर ते अंतर ३१ किलोमीटर दिसले. कळंबोली ते विक्रोळी हा रस्ता साधारण तेवढाच आहे. कोड त्याच सकाळी, माझ्या येण्याआधी पुसलेले होते.

कोडचा अर्थ लावताना

कोड हा तक्रारअर्ज असतो, निकालपत्र नव्हे. ईसीयूला जे वावगे जाणवले तेवढे ती लिहून ठेवते. त्याचे कारण तिला ठाऊक असतेच असे नाही. पी०१७१ म्हणजे मिश्रणात हवा जास्त किंवा इंधन कमी. ऑक्सिजन सेन्सरने ते मोजले म्हणून सेन्सर दोषी ठरत नाही, परंतु सर्वांत जास्त बळी त्याचाच जातो. रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला असा हा प्रकार आहे. पी०१७२ हा त्याच्या उलट, म्हणजे इंधन जास्त झाल्याचा कोड. पी०३०० म्हणजे निरनिराळ्या सिलिंडरमध्ये होणारे मिसफायर (मिश्रण नीट न पेटणे), तर पी०३०१ ते पी०३०४ हे अनुक्रमे पहिल्या ते चौथ्या सिलिंडरचे मिसफायर. पी०५०६ आणि पी०५०७ आयडलिंगचे (गाडी उभी असताना इंजिन रिकामे चालण्याचे) फेरे ठरल्यापेक्षा कमी किंवा जास्त असल्याचे सांगतात. पी०३३५ क्रँक सेन्सरच्या आणि पी०३४० कॅम सेन्सरच्या सर्किटविषयी आहे. पी०४२० हा कन्व्हर्टरच्या कार्यक्षमतेचा कोड मिसफायरच्या कोडबरोबर आला असेल, तर आधी मिसफायर दुरुस्त करावे, कारण कन्व्हर्टरची अवस्था हा बऱ्याचदा त्याचाच परिणाम असतो.

अनेक कोड एकदम दिसले तर घाबरून जाऊ नये. एकमेकांशी संबंध नसलेले पाच-सहा कोड एकाच वेळी आले असतील, तर प्रथम बॅटरी आणि अर्थची वायर तपासावी. मल्टिमीटरवर बंद गाडीची बॅटरी साधारण १२.४ ते १२.७ व्होल्ट आणि इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ व्होल्ट दाखवते. याहून कमी दाब असेल, तर पुढची सारी तपासणी संशयास्पद ठरते.

थरथर इंजिनाची की फाउंडेशनची?

आयडलिंगचे फेरे स्कॅनरवर स्थिर दिसत असतील (बहुतेक छोट्या इंजिनांत गरम झाल्यावर ते ७०० ते ९०० च्या दरम्यान असतात), मिसफायरचा कोड नसेल आणि तरीही केबिन हादरत असेल, तर इंजिनाच्या फाउंडेशनचे रबर पाहावे. ते चिरले किंवा बसले की निरोगी इंजिनही आजारी भासते. फेरे मात्र खालीवर होत असतील आणि सायलेन्सरच्या तोंडाशी धरलेल्या हाताला ‘फट्-फट्-फुस्’ असा खंड जाणवत असेल, तर एखादा सिलिंडर मिसिंग मारत आहे हे नक्की. हात तोंडापासून वीतभर दूर ठेवावा. वाफ आणि धूर दोन्ही तापलेले असतात.

पेट्रोल आणि सीएनजीची अदलाबदल

दुहेरी इंधनाच्या गाडीत निदानाचे सर्वांत उपयुक्त साधन डॅशबोर्डवरच असते, आणि ते म्हणजे इंधन बदलण्याचे बटण. इंजिन पूर्ण गरम झाल्यावर गाडी उभी ठेवून पाच मिनिटे सीएनजीवर आणि पाच मिनिटे पेट्रोलवर आयडलिंगला चालवावी व दोन्हीकडची थरथर, फेरे आणि मिसफायरची नोंद वहीत लिहावी.

दोन्ही इंधनांवर सारखीच थरथर असेल, तर इंधनाचा मार्ग बहुधा निर्दोष आहे. मग ठिणगी, हवा आणि कंप्रेशन (पिस्टनने सिलिंडरमध्ये निर्माण केलेला दाब) यांकडे वळावे. फक्त सीएनजीवर त्रास होत असेल, तर गॅसचा फिल्टर, रेग्युलेटर (गॅसचा दाब कमी करणारा भाग) किंवा गॅसचे इंजेक्टर यांच्यावर संशय घ्यावा, पण त्याआधी प्लग आणि कॉइल (प्लगला उच्च व्होल्टेज देणारा भाग) तपासावेत. कारण सीएनजीचे मिश्रण पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागते आणि दुबळी कॉइल प्रथम सीएनजीवरच उघडी पडते. फक्त पेट्रोलवर त्रास होत असेल, तर महिनोन्महिने न वापरलेले पेट्रोल, चिकट झालेले इंजेक्टर किंवा कोरड्या टाकीत चालून खराब झालेला पंप ही कारणे संभवतात. काही छोट्या टेम्पोंमध्ये पेट्रोलची टाकी जेमतेम ५ लिटरची, अडचणीपुरती असते आणि चालक ती कधी भरतच नाहीत.

ठिणगी

इंजिन थंड होऊ द्यावे. अनेक टेम्पोंचे इंजिन चालकाच्या सीटखाली असते, त्यामुळे सीट उचलली की कामाला जागा मिळते, पण उष्णताही तेथेच कोंडलेली असते. शिवाय गरम अॅल्युमिनियम हेडमधून प्लग काढताना आटे जाण्याचा धोका असतो.

समजा, कोड पी०३०२ आहे. चावी बंद करून दुसऱ्या सिलिंडरची कॉइल तिसऱ्यावर आणि तिसऱ्याची दुसऱ्यावर लावावी, कोड पुसावा आणि गाडी चालवून पाहावी. आता पी०३०३ आला, तर कॉइल दोषी आहे; नवीन कॉइल एकच आणावी, चार नव्हेत. पी०३०२ तसाच राहिला, तर कॉइल निर्दोष आहे. त्यानंतर हाच प्रयोग प्लगची अदलाबदल करून करावा. दोन्ही एकदम बदलले, तर गाडी सुधारेलही, पण कशामुळे सुधारली हे कळणार नाही. सर्व सिलिंडरना मिळून एकच कॉइल-पॅक आणि प्लगवायरी असतील, तर वायरींची अदलाबदल शक्य तेथवर लांबीनुसार करावी.

काढलेला प्लग उजेडात नीट पाहावा. टोकाचा फिकट तपकिरी किंवा सीएनजीवर जवळजवळ पांढरट रंग सामान्य मानावा. कोरडी काळी काजळी म्हणजे इंधन जास्त किंवा ठिणगी कमी. ओलसर काळे तेल म्हणजे रिंग किंवा व्हॉल्व्हसील यांतून येणारे ऑइल. चिनी मातीच्या पांढऱ्या भागावर पेन्सिलीने ओढल्यासारखी उभी काळी रेघ दिसली, तर ठिणगी टोकाशी न पडता बाहेरूनच घसरून जात आहे असे समजावे. प्लगच्या विहिरीत ऑइल साचले असेल, तर टॅपेटकव्हरच्या पॅकिंगची रिंग बदलावी. पावसाळ्यात इंजिन प्रेशरने धुतल्यानंतर त्याच विहिरीत पाणी साचते आणि दुसऱ्या दिवशी मिसफायर सुरू होते. अशा वेळी हवा मारून विहीर कोरडी केली की काम भागते. प्लगचे अंतर गाडीच्या पुस्तिकेत दिलेलेच ठेवावे. पेट्रोलसाठी सांगितलेला प्लग सीएनजीच्या गाडीत केवळ ‘बसतो’ म्हणून लावू नये.

चालू इंजिनावर प्लगची वायर उपटून कोणता सिलिंडर मेला आहे हे पाहण्याची जुनी रीत सोडून द्यावी. तिच्यामुळे कॉइल जळू शकते, झटका बसतो आणि न जळालेले इंधन कन्व्हर्टरमध्ये जाते. त्याऐवजी गाडी पेट्रोलवर ठेवून एकेका इंजेक्टरचा सॉकेट काढावा. निरोगी सिलिंडरचा सॉकेट काढला की फेरे लगेच खाली येतात आणि थरथर वाढते. ज्याचा काढल्याने काहीच फरक पडत नाही, तो सिलिंडर आधीपासूनच काम करत नव्हता. या चाचणीने इंजेक्टरचा नवा कोड नोंदला जाईल, तो नंतर पुसावा.

हवा

थ्रॉटल बॉडीपासून (अॅक्सिलरेटरने उघडणाऱ्या हवेच्या झडपेपासून) इंजिनापर्यंतच्या मार्गात कोठेही बारीक छिद्र असेल, तर न मोजलेली हवा आत शिरते आणि तिचा परिणाम आयडलिंगला सर्वाधिक दिसतो, कारण त्या वेळी इंजिन मुळातच थोडी हवा घेत असते. मॅनिफोल्डचे पॅकिंग, ब्रेक बूस्टरची नळी, क्रँककेसमधून येणारी जाड रबरी नळी आणि तिची क्लिप या जागा तपासाव्यात. माझ्या अनुभवात काळी चिकटपट्टी गुंडाळलेली प्रत्येक नळी ही आधीच्या मालकाची कबुली असते. ती पट्टी सोडून आत पाहावे. अर्धा मीटर लांबीची रबरी नळी एका कानाशी धरून तिचे दुसरे टोक जोडांवरून फिरवले, तर गळतीचा ‘स्स्स’ आवाज स्पष्ट ऐकू येतो. कार्ब्युरेटर क्लीनर फवारून फेरे बदलतात का हे पाहणारे बरेच आहेत, परंतु तो द्रव ज्वालाग्राही आहे, तापलेला सायलेन्सर जवळ असतो आणि येथे तर गॅसही आहे. मी तो प्रयोग करत नाही. ज्या गॅरेजकडे धुराचे यंत्र आहे, तेथे दहा मिनिटांत गळती दिसते.

स्कॅनरवर ‘फ्युएल ट्रिम’ नावाचे, ईसीयूने इंधनात किती टक्के वाढ-घट केली ते सांगणारे दोन आकडे दिसतात, एक तात्पुरता आणि एक दीर्घकालीन. दोघांची बेरीज उणे १० ते अधिक १० टक्क्यांच्या आत असावी. ती आयडलिंगला अधिक २० असेल आणि २५०० फेऱ्यांवर शून्याजवळ येत असेल, तर हवेची गळती आहे. उलट फेरे वाढवल्यावर ती आणखी वाढत असेल, तर इंधन अपुरे पडत आहे, म्हणजे फिल्टर, पंप किंवा रेग्युलेटर. मॅप (मॅनिफोल्डमधील दाब मोजणारा) सेन्सर असलेल्या गाडीत गरम इंजिनाच्या आयडलिंगला सुमारे ३० ते ४० किलोपास्कल हा आकडा निरोगी समजावा. तो ५० च्या पुढे असेल, तर हवेची गळती, चुकलेले टायमिंग किंवा कमी कंप्रेशन यांपैकी काहीतरी आहे.

थ्रॉटल बॉडीतील कार्बन मऊ कापडाने आणि योग्य क्लीनरने, चावी बंद ठेवून पुसावा. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलची पाकळी बोटाने जोरात ढकलू नये. सफाईनंतर फेरे काही काळ जास्त राहिले, तर ईसीयूला नवे आयडलिंग शिकवण्याची प्रक्रिया करावी लागते.

गॅसच्या बाजूला आपण काय करावे

फार काही करू नये. टाकीतील दाब २०० बारपर्यंत असतो आणि उच्च दाबाच्या नळीला, व्हॉल्व्हला किंवा रेग्युलेटरला घरी पाना लावणे धोक्याचे आहे. जोडांवर साबणाचे पाणी लावून बुडबुडे पाहणे, कमी दाबाचा फिल्टर शेवटी केव्हा बदलला याची विचारणा करणे आणि टाकीवरील पाटीवर हायड्रो टेस्टची (पाण्याच्या दाबाने टाकीची मजबुती तपासण्याची) तारीख पाहणे एवढेच मालकाने करावे. ही चाचणी दर तीन वर्षांनी लागते. गॅसचा वास येत असेल, तर निदान थांबवून टाकीचा व्हॉल्व्ह बंद करावा आणि गाडी उघड्यावर ठेवावी.

कंप्रेशन आणि टॅपेट

माझ्या टेम्पोवर येथपर्यंतचे सर्व करून झाले होते. कोड पी०३०२ होता. कॉइल बदलून तो हलला नाही, प्लग बदलून हलला नाही, पेट्रोल आणि सीएनजी दोन्हींवर तो येत होता आणि फ्रीझ फ्रेम दर वेळी गरम इंजिनाची असे. पहाटे चार वाजता वाशीच्या बाजारात माल भरताना गाडी शांत असे. दादरला पोहोचून गर्दीत अर्धा तास रांगत गेली की थरथर सुरू होई आणि पुढे हायवेवर वेग घेतला की नाहीशी होई. दोन गॅरेजनी ‘वायरिंग’ असे सांगून हात टेकले होते.

कुर्ल्याच्या एका वयस्क मिस्त्रींनी कंप्रेशन गेज लावला. थंड इंजिनावर चारही सिलिंडर १२ बारच्या आसपास होते, फक्त दुसरा साडेदहा. “आता रेस करून तापवा आणि परत मोजू,” ते म्हणाले. गरम इंजिनावर काळजीपूर्वक पुन्हा मोजले तेव्हा दुसऱ्या सिलिंडरचा काटा ७ वर थांबला, बाकीचे तिघे जागच्या जागी होते. मिस्त्रींनी प्लगच्या छिद्रातून चमचाभर ऑइल टाकून तिसऱ्यांदा मोजले. आकडा वाढला नाही. वाढला असता, तर पिस्टनरिंग झिजल्या असे ठरले असते. न वाढल्याने बोट व्हॉल्व्हकडे गेले. इंजिन थंड झाल्यावर टॅपेटकव्हर उघडून टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा भाग, आणि व्हॉल्व्ह यांच्यातील फटीत फीलर गेज (फट मोजणारी पातळ पाती) घातला, तर दुसऱ्या सिलिंडरच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हमध्ये सर्वांत पातळ पातेही शिरेना. “टॅपेट आवाज करत नाही म्हणून सगळे खूश असतात, भाऊ. आवाज करणारा टॅपेट बरा, हा गुपचूप व्हॉल्व्ह जाळतो.”

त्याचे कारण असे की, वायुरूप इंधनात पेट्रोलसारखा ओलावा नसतो, त्यामुळे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आणि त्याची सीट यांची झीज अधिक होते. सीट झिजली की व्हॉल्व्ह वर सरकतो आणि टॅपेटचे अंतर वाढण्याऐवजी कमी होत जाते. इंजिन तापले की व्हॉल्व्हची दांडी लांबते, उरलेसुरले अंतरही संपते आणि व्हॉल्व्ह पूर्ण बंदच होत नाही. आयडलिंगला त्या फटीतून दाब निसटायला भरपूर वेळ मिळतो, वेगात तो मिळत नाही, म्हणून हायवेवर गाडी ठीक वाटते. आमच्या बाबतीत व्हॉल्व्ह अजून जळलेला नव्हता, त्यामुळे टॅपेट पुस्तिकेप्रमाणे सेट करून काम भागले. आणखी काही महिने चालवली असती, तर हेड उतरवावे लागले असते. हायड्रॉलिक टॅपेटच्या इंजिनात असे सेटिंग नसते, पण कंप्रेशनची गरम आणि थंड अशी दोनदा मोजणी तेथेही उपयोगी पडते. चारही सिलिंडरमधील फरक साधारण १० ते १५ टक्क्यांच्या आत असावा. लगतच्या दोन सिलिंडरचे कंप्रेशन एकदम कमी असेल, तर त्यांच्यामधील हेडपॅकिंग उडाल्याचा संशय घ्यावा.

पाणी आणि उंदीर

हिंदमाता किंवा मिलन सबवेच्या पाण्यातून गेलेल्या गाडीच्या सॉकेटमध्ये काही महिन्यांनी हिरवट गंज दिसू लागतो. दोष कधी येतो, कधी जातो आणि गॅरेजमध्ये नेल्यावर हटकून नाहीसा होतो, तेव्हा सॉकेट एकेक उघडून, कॉन्टॅक्ट क्लीनरने स्वच्छ करून परत बसवावेत. इंजिन चालू असताना वायरिंगचा गठ्ठा हळूच हलवून फेरे दचकतात का हेही पाहावे. सीटखालचे किंवा गालिच्याखालचे लोखंड चिखलाच्या पातळ थराने माखलेले असेल, तर गाडी पाण्यात बुडालेली होती असे समजून किंमत ठरवावी. भाजी-धान्याच्या बाजारात रात्री उभ्या राहणाऱ्या गाडीत उंदीर शिरतातच. इंजिनाच्या मागच्या बाजूच्या वायरी आरसा आणि टॉर्च घेऊन पाहाव्यात. कुरतडलेल्या इंजेक्टरच्या वायरीचा कोड आणि बिघडलेल्या इंजेक्टरचा कोड एकच येतो.

डिझेल गाडीसाठी

डिझेलमध्ये प्लगची ठिणगी नाही, पण शंकेच्या जागा ठरलेल्या आहेत. फिल्टरखालच्या वॉटर सेपरेटरमधून आधी पाणी काढावे. पावसाळ्यात हे काम चालकानेच नियमित करावे. त्यानंतर टाकी ते पंप या भागात हवा पकडली जाते का, हे थोडा वेळ पारदर्शक नळी जोडून पाहता येते. बुडबुडे दिसले तर क्लिप किंवा वायसर बदलावा. पी००८७ हा रेलमधील (सर्व नोझलना डिझेल पुरवणाऱ्या सामाईक नळीतील) दाब कमी असल्याचा कोड नोझल किंवा पंप बदलण्यापूर्वी या दोन गोष्टी पाहायला सांगतो. नोझलची परीक्षा करायची असेल, तर प्रत्येक नोझलच्या रिटर्न नळीला एकसारखी बाटली लावून ठरावीक वेळ इंजिन चालवतात. ज्या बाटलीत इतरांपेक्षा खूप जास्त डिझेल जमते, तो नोझल आतून गळत आहे. कॉमन रेल इंजिनात उच्च दाबाची नळी चालू इंजिनावर ढिली करून पाहणे हा जुन्या पंपाच्या काळातला प्रकार जिवावर बेतू शकतो. तेथे दाब हजार बारच्या वर जाऊ शकतो आणि डिझेलची धार कातडी भेदून आत शिरते.

ईजीआर (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारा) व्हॉल्व्ह कार्बनमुळे उघडा अडकला, तर आयडलिंगला थरथर आणि काळा धूर दोन्ही येतात. तो काढून स्वच्छ करावा, पत्र्याने बंद करून टाकू नये; तसे केल्याने उत्सर्जन वाढते, गाडी नियमबाह्य ठरते आणि नवीन गाड्यांत दिवाही विझत नाही. बीएस-६ गाडीत उभ्या अवस्थेत अचानक फेरे वाढणे, आवाज बदलणे आणि सायलेन्सर अधिक तापणे ही डीपीएफच्या (धुरातील काजळी अडवणाऱ्या फिल्टरच्या) स्वच्छतेची प्रक्रिया असू शकते. मुंबईतील रांगत्या वाहतुकीत ती वारंवार अर्धवट राहते. डीपीएफचा इशारा येताच गाडी नाशिक हायवेसारख्या मोकळ्या रस्त्यावर वीस-तीस मिनिटे एकसारख्या वेगाने चालवली, तर ती बहुधा पूर्ण होते. दिवा तरीही राहिला, तर मात्र गॅरेज गाठावे.

दुरुस्तीनंतर

कोड पुसणे हे शेवटचे काम आहे. त्यानंतर इंजिन थंड असताना सुरू करावे, गर्दीच्या रस्त्यावर पंधरा मिनिटे, ईस्टर्न एक्सप्रेस हायवेवर स्थिर वेगाने पंधरा मिनिटे आणि पुन्हा उभ्या अवस्थेत आयडलिंगला काही मिनिटे, असा फेरा दोन-तीन दिवस करावा. या काळात स्कॅनरवर ‘पेंडिंग’ कोड पाहत राहावे. दिवा लागण्यापूर्वी दोष तेथे नोंदला जातो. रेडिनेस मॉनिटर पूर्ण झाले आणि पेंडिंग यादी रिकामी राहिली, तर दुरुस्ती बरोबर झाली असे म्हणता येते. माझ्या टेम्पोच्या दाराच्या आतल्या बाजूला आता पांढऱ्या रंगाने टॅपेट सेट केल्याचे किलोमीटर, दुसऱ्या सिलिंडरचे कंप्रेशन आणि प्लग बदलल्याची तारीख लिहिलेली आहे. चालक बदलला किंवा वही हरवली, तरी पुढच्या मिस्त्रीला ही नोंद दार उघडल्याबरोबर दिसते.